टिकल्या किती, तेही मोजा

आमच्याकडे इतक्या स्त्री-संशोधक आहेत, असे मोठमोठी वैद्यकीय महाविद्यालये अभिमानाने सांगतात. माहितीपत्रकावर पांढऱ्या कोटातल्या दोन-तीन हसऱ्या तरुणींचा फोटोही असतो. पण दहा वर्षांनी त्यांच्यापैकी तिथे कोण उरले, हे कोणी छापते का?

अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले, ते स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश देऊनच. चालकांना एकाएकी सुबुद्धी सुचली होती असे नव्हे. पैसा कमी पडत होता आणि मेरी गॅरेट या श्रीमंत बाईंनी तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम देताना ही अटच घातली होती. दार तर उघडले. पण जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९० मध्ये, तिथल्या मेडिसिन विभागात असोसिएट प्रोफेसरच्या हुद्द्यावर स्त्रिया होत्या अवघ्या ४! आणखी दहा वर्षांनी आपण या क्षेत्रात असू, असे विभागातल्या शंभरातल्या २३ जणींनाच वाटत होते.

विभागाने आधी काय केले असेल, तर या स्त्रियांनाच त्यांच्या अडचणी विचारल्या. (साधी गोष्ट, पण आपल्या घरांतही ती किती जण करतात?) त्यांना मार्गदर्शन करणारे कोणी नव्हते. बढतीसाठी काय लागते, याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. पगारात तफावत होती, एकटेपणा होता. शिवाय महत्त्वाच्या बैठका संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, म्हणजे नेमक्या मुलांच्या वेळेला! मग बैठकांच्या वेळा बदलल्या, पगार तपासले, मार्गदर्शनाची व्यवस्था लावली आणि वरिष्ठांनाही समज दिली.

१९९५ मध्ये त्याच हुद्द्यावर २६ स्त्रिया होत्या. आपण टिकून राहू असे वाटणाऱ्या २३ टक्क्यांवरून १९९३ मध्येच ६५ टक्क्यांवर गेल्या होत्या. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सारा हिशेब १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. परिस्थिती सुधारली, असे पुरुषांनीही सांगितले. बायकांना सवलती दिल्या की पुरुषांवर अन्याय होतो, अशी कुरकुर करणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

अर्थात या हिशेबातही उणीव आहे. विभाग एकच, आणि काही न बदललेला दुसरा विभाग शेजारी ठेवून तुलना केलेली नाही. सारे उपाय एकदम केल्यामुळे नेमका कोणता लागू पडला, हेही कळत नाही. आणि डावलल्या जातात त्या फक्त स्त्रियाच असेही नाही. अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेकडे आलेले अर्ज २०११ मध्ये तपासले गेले, तेव्हा शिक्षण आणि शोधनिबंध जमेला धरूनही कृष्णवर्णीय संशोधकांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा सुमारे दहा टक्के गुणांनी कमी दिसली.

तुमची मुलगी किंवा सून संशोधनासाठी एखादी संस्था निवडत असेल, तर मुलाखतीच्या वेळी तिलाही प्रश्न विचारू द्या. गेल्या पाच वर्षांत इथून किती जणी सोडून गेल्या? बढती किती जणींना मिळाली? आणि विभागाची बैठक किती वाजता असते?