सूक्ष्म मात्रा, स्थूल दावे

भ्रामक द्रव्यांची अत्यल्प मात्रा नेमाने घेतली असता चित्त प्रसन्न राहते व बुद्धीला धार येते, असे सांगणारा एक पंथच अलीकडे निघाला आहे. या प्रकाराला मायक्रोडोसिंग म्हणतात. एलएसडीची नेहमीची मात्रा सुमारे १०० मायक्रोग्रॅम. तिचा दहावा हिस्सा एक दिवस घ्यावयाचा, दोन दिवस थांबावयाचे, की पुन्हा घ्यावयाचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स फॅडिमन यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथातून या क्रमाचा प्रसार केला. त्यांच्यापाशी आधार होता तो मुख्यतः घेणाऱ्यांनी लिहून पाठविलेल्या अनुभवांचा.

आमचा आक्षेप येथेच आहे. हे अनुभव खोटे, असे आम्ही म्हणत नाही. अंगाऱ्याने ताप उतरल्याचे सांगणारी माणसे देवळाच्या पायरीवर आपण सर्वांनी पाहिली आहेत. तीही खोटे बोलत नसतात. ताप उतरला हे खरे. तो अंगाऱ्याने उतरला, हे मात्र सिद्ध करावे लागते. नवल हे की, अंगाऱ्याला हसणारे सुशिक्षितच या नव्या अंगाऱ्यापुढे माना डोलवीत आहेत.

सिद्ध करण्याचा प्रयत्न झालेला आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १९१ जणांनी घरच्या घरी कुप्या भरल्या, काहींत द्रव्य घातले, काही रिकाम्या ठेवल्या, आणि त्या अशा मिसळल्या की आपण काय गिळतो ते त्यांचे त्यांनाच कळू नये. महिनाभराने द्रव्य घेणाऱ्यांचे मन सुधारलेले आढळले. पण रिकाम्या कुप्या घेणाऱ्यांचेही तसेच सुधारले होते! त्या त्या दिवशी जो थोडाफार फरक दिसला, तोही आपण द्रव्यच घेतले असा ज्याचा तर्क झाला त्याच्याकडे झुकणारा. शिकागो विद्यापीठात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३ व २६ मायक्रोग्रॅमच्या मात्रा वारंवार देऊनही मनःस्थितीत वा आकलनात सुधारणा आढळली नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणेही नोंदविले पाहिजे. ऑकलंड येथे ८० निरोगी पुरुषांवर सहा आठवडे झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मात्रा घेतल्याच्या दिवशी उत्साह व आनंद वाढल्याचे त्यांनी नोंदविले. परंतु टिकाऊ असा काही पालट दिसला नाही.

आपल्याकडील काही उत्साही मंडळी यात वेदांतील सोमाला ओढतात, त्याचे आम्हांस विशेष वाईट वाटते. सोम म्हणजे एक लाल अळंबी, असे मत वॉसन या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली मांडले. विद्वानांत त्यावर आजही एकमत नाही. एलएसडी तर १९३८ साली बाझलच्या रसायनशाळेत तयार झाले. ऋषींच्या पदरी ते बांधण्याचे कारणच काय?

हा वाद नुसता विद्वानांपुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु खिन्नतेने ग्रासलेला एखादा तरुण या बोलण्यावर विसंबून वैद्याचे औषध बंद करतो, आणि १९८५ च्या कायद्याने आपल्या देशात निषिद्ध ठरलेले द्रव्य कोणाकडून तरी मिळवितो. त्या कागदाच्या कपट्यात किती मायक्रोग्रॅम आहेत हे त्याला कोण सांगणार? ऑकलंडच्या चाचणीतून द्रव्य घेणारे चौघे जण चिंता वाढल्यामुळे बाहेर पडले. ते निरोगी होते, मात्रा मोजून दिलेली होती, देखरेखीस संशोधक होते. घरी एकट्याने घेणाऱ्याची अशी गत झाली तर त्याच्या उशाशी कोण बसणार, ते या पंथाच्या प्रचारकांनी आम्हांस सांगावे.