सात पूर्णांक एक कान

माणसाला कान दोन असतात. हे वाक्य ब्लॉगवर लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण गेले पंधरा दिवस भाचा मला ज्या जाहिराती पाठवतोय त्या बघून लिहिणं भाग आहे. प्रत्येक खोक्यावर '७.१ सराउंड', '५० एमएम ड्रायव्हर', मोठ्ठ्या अक्षरात 'गेमिंग' आणि एक चवताळलेला प्राणी. किंमत साडेसात हजार. (ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. त्याला लगेच ओरडू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.)

साडेसात हजार म्हणजे किती, ते पुण्या-मुंबईच्या आणि सातासमुद्रापलीकडच्या मंडळींसाठी सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला. म्हणजे आमच्या जिवतीच्या डोंगरावर, पावसाच्या भरवशावर पिकवलेला, बोंड-बोंड वेचून घरात आणलेला एक क्विंटल कापूस द्यायचा आणि बदल्यात डोक्यावर लाल-निळे दिवे लावून बसायचं. तोही हमीभाव हातात पडला तर! बरं, ते दिवे ज्याने हेडसेट घातलाय त्याला दिसतसुद्धा नाहीत. शेजाऱ्याच्या करमणुकीसाठी पैसे मोजायचे, दुसरं काय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. 'गेम म्हणजे पोरं बिघडवायचा धंदा' म्हणणाऱ्या काका-मामांच्या पंगतीत मी बसत नाही. पोरांनी खेळावं. २०२० च्या सप्टेंबरात पब्जी मोबाइलवर बंदी आली, २०२१ च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय होऊन परतला, आणि आमची पोरं रेंज शोधत जिथे बसायची तिथेच पुन्हा बसू लागली. या खेळात ऐकू येणं खरोखरच महत्त्वाचं असतं. भिंतीपलीकडे कोण चालतंय, डावीकडून की उजवीकडून, वरच्या मजल्यावर की खाली, हे डोळ्यांच्या आधी कान सांगतात. तेव्हा चांगला आवाज हवा ही मागणी रास्त आहे. माझं भांडण आहे ते खोक्याशी.

हे ७.१ मुळात सिनेमाच्या थिएटरातलं. प्रेक्षकांभोवती सात दिशांना स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजासाठी एक वेगळा. 'टॉय स्टोरी ३' हा २०१० सालचा चित्रपट डॉल्बीच्या ७.१ मध्ये आलेला पहिला. तिथे ते ठीक, कारण तिथे त्या-त्या दिशांना खरोखरचे स्पीकर असतात. हेडफोनमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक कानाला एक, असे दोनच स्पीकर. उरलेलं सगळं सॉफ्टवेअरने केलेलं गणित. आणि दिशा ओळखायला दोन पुरतात! लॉर्ड रॅली या शास्त्रज्ञाने १९०७ मध्येच हे मांडलं होतं : जाड आवाज एका कानाला किंचित आधी पोचतो, बारीक आवाज डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला हळू ऐकू येतो, आणि या दोन फरकांवरून मेंदू दिशा काढतो. वेळेतला हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. वर-खाली, मागे-पुढे ओळखायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात.

रॅलीसाहेब राहू द्या. ज्वारीच्या रानात माळ्यावर जागल करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. अंधारात रानडुक्कर धुऱ्याच्या कुठल्या बाजूने शिरलं हे तो बॅटरी लावायच्या आधी सांगतो. आमच्या तालुक्यात महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांनीही हक्क सांगितलेली चौदा गावं आहेत. तिथल्या लोकांकडे ओळखपत्रं दोन-दोन राज्यांची, शाळा मराठी वेगळी आणि तेलुगू वेगळी. तिथेही माणसाला कान मात्र दोनच :)

बरं, हे दिशेचं गणित आजकाल गेम स्वतःच करतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये ही सोय २०१६ मध्ये आली, व्हॅलोरंटमध्ये आहे, आणि प्लेस्टेशन ५ तर साध्या वायरवाल्या इअरफोनमधूनही त्रिमितीय आवाज देतो. त्यावर हेडसेटचं ७.१ चालू केलं की फोडणी दिलेल्या वरणाला पुन्हा फोडणी. दिशा उलट धूसर होते. म्हणजे पैसे देऊन बिघाड विकत घ्यायचा!

आता ब्लूटूथ. इथे मला खरा राग येतो, कारण इथे फसतो तो गरीब पोरगा. मागे एका दुकानात (नाव नको) विक्रेता एका पोराला सांगत होता, "वायर आता जुनी झाली, हे गेमिंगचे बड्स घे." आता बघा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान करायचा, हवेतून पाठवायचा, पलीकडे पुन्हा उलगडायचा. यात सहज सेकंदाचा पाचवा भाग जातो. गाणं ऐकताना, सिनेमा बघताना हे कळत नाही. पण सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये तेवढ्यात बारा चित्रं पुढे सरकलेली असतात. गोळीचा आवाज येईपर्यंत आपण मेलेले. 'गेमिंग मोड'ने हा उशीर कमी होतो, नाहीसा होत नाही.

याहून मोठी गंमत कोणी सांगतच नाही. मित्रांशी बोलायला ब्लूटूथवरचा माइक चालू केला की बहुतेक फोन त्या जोडणीला फोनकॉलच्या पद्धतीवर नेतात. त्या पद्धतीत आवाज एकपदरी होतो. दोन्ही कानांत तोच, तेवढाच, आणि फोनवरच्या बोलण्याइतका चपटा. म्हणजे ज्या दिशेसाठी एवढा खटाटोप केला ती दिशाच गायब! खोटं वाटत असेल तर करून बघा. मित्राला गेममध्ये तुमच्या डाव्या हाताला धावायला सांगा, एकदा माइक बंद ठेवून ऐका, एकदा चालू करून. ब्लूटूथच्या नव्या 'एलई ऑडिओ' पद्धतीत यावर उपाय आहे, पण तो फोन आणि बड्स दोघांनी पाळावा लागतो. आणि कॉम्प्युटरला छोटी यूएसबी पिन लावून चालणारे वायरलेस हेडसेट वेगळे, त्यांत उशीर फार थोडा असतो. पण ते महाग, आणि आमच्याकडे खेळ चालतो फोनवर.

मग वायर लाव की, असं तुम्ही म्हणाल. लावणार कुठे? २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढलं, आणि मागून एकेक करत बाकीच्यांनीही काढलं. शंभर-दोनशे रुपयांत उत्तम चालणारी, चार्ज न करता वर्षानुवर्षं टिकणारी गोष्ट बंद पाडायची आणि मग तिच्याहून वाईट काम करणारी गोष्ट 'गेमिंग' म्हणून विकायची. हा धंदा आहे, प्रगती नाही. बड्सची बॅटरी इतकी चिमुकली की काही वर्षांत दम सोडते, आणि ती बदलून द्यायला सहसा कोणी तयार होत नाही.

तेव्हा भाच्याला मी सांगितलंय ते इथेही लिहितो. फोनला भोक असेल तर माइकवाला, कानात घट्ट बसणारा साधा वायरचा इअरफोन, पाचशे ते हजारात. भोक नसेल तर टाइप-सीची छोटी पिन घ्यायची, पण 'डॅक' असलेली. काही फोन टाइप-सीमधून तयार आवाज बाहेर देत नाहीत, तिथे नुसती स्वस्त पिन मुकी राहते. ड्रायव्हर किती मिलिमीटरचा ते बघू नका, बोटाच्या पेराहून लहान ड्रायव्हरही माणसाला ऐकू येणारं सगळं वाजवू शकतो. '२० ते २०,००० हर्ट्झ' सगळ्याच खोक्यांवर छापलेलं असतं. आणि 'एक्स्ट्रा बास' लिहिलेलं असेल तर परत ठेवा. घुमणारा जाड आवाज बारीक आवाज गिळतो, आणि पावलांची चाहूल नेमकी त्या बारकाव्यांत असते.

बास वाढवला की पावलं ऐकू येत नाहीत, म्हणून पोरं आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल फक्त ४ तास. आमची पोरं चार तास एका रविवारी खेळतात. ताई, ओरडायचंच असेल तर यावर ओर.

असो. वायर पिनपाशी तुटते ही तक्रार मात्र खरी आहे, आणि त्यासाठी अख्खा इअरफोन फेकावा लागतो. वायर काढून बदलता येईल असा, माइकसह, हजाराच्या आतला इअरफोन तुमच्यापैकी कोणी वापरत असेल तर कळवा. भाच्याचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे.