'आई आता मोकळीच आहे'

कल्याणच्या कन्या डॉ. आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी निवर्तल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. त्यांच्याहून अवघ्या तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या रमाबाई रानडे यांना मात्र मध्यमवय लाभले. 1901 साली न्यायमूर्ती गेले, तेव्हा त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. तत्कालीन रूढीनुसार त्यांचे आयुष्य तिथेच संपले होते. परंतु 1909 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि शिक्षणाचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांना अध्यापनाची, परिचर्येची वाट मोकळी करून दिली. 1924 मध्ये निधन होईपर्यंत त्यांच्या कामाला खंड पडला नाही.

रमाबाईंना लाभले ते आज घरोघरी लाभते आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षांचे होते. आता ते सत्तरीच्या आसपास आहे. पन्नाशीच्या स्त्रीपुढे आज वीस-पंचवीस वर्षांचा काळ उभा असतो. आपल्या आज्या-पणज्यांना हा काळ ठाऊकच नव्हता. तो कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच नवा आहे.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात तो अधिक टोकदार होतो. 1992 साली कल्याणहून महिला विशेष लोकल सुरू झाली. तिच्यात भाजी निवडत, हळदीकुंकू करत ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्या भगिनी आता निवृत्त झाल्या आहेत वा होत आहेत. बँकेतली, मंत्रालयातली नोकरी आणि घरचा स्वयंपाक ही दोन्ही टोके त्यांनी एकटीने सांभाळली. डोंबिवलीत 1999 पासून निघणाऱ्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी नेसून चालणाऱ्या पन्नाशीच्या भगिनी पाहाव्यात. तो उत्साह केवळ हौशीचा नव्हे. गाणे, संस्कृत, वस्तीतला अभ्यासवर्ग असे मागे राहून गेलेले बरेच काही त्यांना आता हाती घ्यायचे असते.

आणि नेमके तेव्हाच घरात वाक्य उच्चारले जाते, 'आई आता मोकळीच आहे.'

नातवंडांचा लळा कोणी नाकारत नाही. आमच्या कुटुंबव्यवस्थेचे ते वैभवच आहे. पण या व्यवस्थेचा गौरव करताना ती कोणाच्या न मोजलेल्या तासांवर उभी राहिली, हेही सांगितले पाहिजे. समाजकार्यासाठी ज्या घरांतून पुरुष बाहेर पडले, तिथे तर अवेळी येणाऱ्या पाहुण्यांच्या पानापासून मुलांच्या फीपर्यंत सारे तिनेच पाहिले. (त्याबद्दल सत्कार झाले ते बहुधा त्याचेच!) आता सायंकाळी तिने वर्गाला जायचे असेल, तर कुकर त्याने लावावा, नातवाला बसथांब्यावरून त्याने आणावे. तिचे गुडघे दुखत असतील, रक्त कमी असेल, तर तपासणीसाठी तिने स्वतः तोंड उघडण्याची वाट पाहू नये.

याच जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. ही शाळा दुपारची ठेवली होती, घरची कामे आटोपून आज्यांना येता यावे म्हणून. डोंबिवलीच्या सदनिकेत दुपारी आजीने घड्याळ पाहायचे ते नातवाच्या शाळेच्या बससाठी.