खिशातली डबी

श्रावणातली गोष्ट. रात्री दहाच्या सुमारास शेजारचे गृहस्थ आले. हातात पेनासारखी एक वस्तू. “सर, चिरंजीवांच्या दप्तरात सापडली. आंब्याचा वास येतो हिला! दोन ठेवून दिल्यात त्याला.”

ती वस्तू म्हणजे व्हेप. आपल्याकडे २०१९ सालच्या कायद्याने तिच्या विक्रीला बंदी आहे. तरी पोरांना ती मिळतेच. वास आंब्याचा, पण आत बहुधा निकोटीन. तंबाखूत असते तेच.

“मारून ते सुटायचे नाही,” मी म्हटले. “सोडताना मुलगा चिडतो, त्याची झोप उडते, पुस्तकात लक्ष लागत नाही. पहिले तीन-चार दिवस फार जड. पुढे दोन-चार आठवड्यांत ओसरते. तलफ येते ती मात्र काही मिनिटांचीच. तेवढा वेळ पाणी प्यावे, फेरी मारावी, बडीशेप चघळावी. सल्ल्याला सरकारचा १८००-११२-३५६ हा फुकट दूरध्वनीही आहे. आणि हो, तुमच्या खिशातल्या डबीचे काय?”

गृहस्थ गप्प झाले. त्यांची तंबाखू-चुन्याची डबी साऱ्या इमारतीला ठाऊक!

अखेर गणेशचतुर्थीच्या मुहूर्तावर बापलेकांनी बरोबरच सोडायचे ठरवले.

परवा जिन्यात मुलगा भेटला. “काय रे, जमतंय का?”

“माझं दोनदा मोडलं, सर. बाबांचं तीनदा. पण पुन्हा सोडलंय दोघांनी!”

तो हसत वर गेला. वाचकहो, मुलाचे दप्तर जरूर तपासा. पण त्याआधी आपला खिसा एकदा चाचपून पाहा.