‘साहेबांना पाठवा’

मैत्रिणींनो, रबराच्या बुशाला बाई-पुरुष कळत नाही; गॅरेजवाल्याला मात्र बरोबर कळतं. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत फिरणारी आमच्या संस्थेची गाडी मी चालवते. खड्ड्यात पुढून खट्‌खट्‌ वाजू लागलं, तेव्हा एका गॅरेजात ऐकलं, “मॅडम, अख्खं सस्पेन्शन गेलंय. साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो.” कोण साहेब? संस्था बायकांची आहे!

आणि समजावायचं असतं तरी काय? बुश म्हणजे धातूच्या दोन नळ्यांमधलं रबर. चाक धरणारा लोअर आर्म त्यावर हलतो, रस्त्याचे धक्के ते पचवतं. रबर चिरलं की आवाज येतो, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेला झिजतो. म्हणजे दुरुस्ती टाळायची नाहीच. पण पुष्कळ गाड्यांत नुसता बुश प्रेसवर बदलता येतो. काहींत पूर्ण आर्म घ्यावा लागतो. आपल्या गाडीत कोणतं, ते चिरलेलं रबर दाखवून सांग म्हणावं. शेवटचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचा, नाहीतर नवं रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. हेही विचारा.

जुना भाग मागा, बिल मागा. “विश्वास नाही का?” असं तो म्हणेल. हा प्रश्न आपण सासरी, बँकेत, दवाखान्यातही ऐकलाय. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि मुद्दाम माहिती दडवणं ही सेवेतली त्रुटी. जिल्हा ग्राहक आयोगापुढे तक्रार स्वतः मांडता येते. वकील लागत नाही, साहेबही नाही.