यंत्र मुके राहते तेव्हा



गेल्या महिन्यात फलटणच्या बाजारपेठेत एका स्नेह्यांच्या कापड दुकानी बसलो होतो. गिरवीहून आलेल्या एका आजींनी लेकीसाठी साडी घेतली. सोबतच्या नातवाने मोबाईलवरून रक्कम भरली. त्याच्या खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेश आला. परंतु गल्ल्यावरचा साउंडबॉक्स मुकाच राहिला. “पैसे आलेले नाहीत,” स्नेह्यांचे चिरंजीव भर गिऱ्हाइकांत खड्या आवाजात म्हणाले. नजर हातातील मोबाईलवरच होती. आजी ओशाळल्या. कमरेची पिशवी सोडून त्यांनी रोख रक्कम मोजून दिली व निघून गेल्या. घटकाभराने यंत्र बोलले. रक्कम जमा झाली होती! तोवर आजींची एस. टी. सुटली होती.

यूपीआय २०१६ साली आले, तेव्हापासून असे व्यवहार अधूनमधून अडकतातच. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम सांगतो, की खात्यातून रक्कम वजा होऊनही दुकानदारास पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती ग्राहकाच्या खात्यात आपोआप परत यावी. त्याहून विलंब झाल्यास बँकेने दररोज शंभर रुपये भरपाई द्यावी. यंत्राच्या मौनाने गिऱ्हाईक खोटे ठरत नाही. माल देणे न देणे हा व्यापाराचा निर्णय. परंतु तो हलक्या आवाजात, समोरच्याचा मान राखून सांगता येतो.

आपल्या पूर्वाचार्यांनी सांगितलेल्या पाच समिती मुनींसाठी आहेत. तथापि गृहस्थानेही त्यांचे मर्म गल्ल्यावर आणावे. भाषा समिती म्हणजे हित, मित व प्रिय बोलणे. ईर्या समिती म्हणजे चार हात भूमी पाहून पाऊल टाकणे. आपण तर मोबाईलकडे पाहत रस्ता ओलांडतो. आदान-निक्षेपण समिती म्हणजे वस्तू जपून उचलणे व ठेवणे. गिऱ्हाईक पायरी चढताच मोबाईल पालथा ठेवावा, दुसऱ्याचे बोलणे स्पीकरवर घेण्यापूर्वी त्याला विचारावे, कोणाची उधारी कौटुंबिक ग्रुपवर टाकू नये. पूर्वीच्या पेढीवर खातेवही मिटलेली असे, त्यामागे हीच मर्यादा होती.

त्या सायंकाळी स्नेह्यांनी चिरंजीवांना गिरवीला धाडले. पैसे मोबाईलवरून परत गेले असते. क्षमा मागण्यासाठी मात्र त्यांना स्वतःच जावे लागले.