अज्ञात म्हणजे अनिर्बंध नव्हे

कृष्णद्रव्यावरचे लेख अलीकडे दिवाळी अंकांतून वरचेवर आमच्या वाचनात येतात. त्यांतील कित्येकांचा शेवट ठरलेला असतो: या द्रव्याचे स्वरूप अद्याप कोणालाच उमगलेले नाही, तेव्हा त्याच्या बळावर मानव उद्या प्रकाशाहून अधिक वेगाने ताऱ्यांकडे झेपावणार नाही कशावरून? या 'कशावरून'ला आमची हरकत आहे.

आमची हयात सरकारी फायलींत गेली. 'विचाराधीन' असा शेरा असलेले प्रकरण मंजूर समजून कोणी खर्च करू लागला, तर लेखापरीक्षक त्याला सोडीत नसे. शास्त्रज्ञांचे 'अद्याप ज्ञात नाही' हे असेच विचाराधीन प्रकरण होय.

शिवाय या द्रव्याविषयी काहीच ठाऊक नाही, हेही खरे नव्हे. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातील दीर्घिकांच्या वेगांचा हिशेब मांडला, तेव्हा दृश्य द्रव्याच्या आकर्षणाने हा समूह एकत्र राहणे शक्य नाही, असे दिसले. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागांतही वेग अपेक्षेप्रमाणे उतरताना आढळला नाही. म्हणजे या द्रव्याचा माग लागला तोच मुळी त्याच्या गुरुत्वाकर्षणावरून. ते ओढते, धरून ठेवते. आणि आपल्या सूर्याच्या परिसरात ते इतके विरळ मानले जाते, की पृथ्वीएवढ्या आकारमानात गोळा केले तरी जेमतेम किलोभर भरेल. एवढ्या शिदोरीवर कोणते यान हाकणार?

मिगेल अल्क्युबिएरे यांच्या १९९४ च्या शोधनिबंधाचा दाखला हमखास दिला जातो. यानापुढील अवकाश आकसावा, मागील प्रसरावा, अशी ती कल्पना. गणित चोख आहे; परंतु तिला ऋण ऊर्जा लागते. कृष्णद्रव्याचे वस्तुमान तर धन! कृष्ण ऊर्जेकडे धाव घ्यावी, तर तिचा दाब ऋण मानतात, ऊर्जेची घनता नव्हे.

या घोटाळ्याचा थोडा दोष आमच्या परिभाषेकडेही जातो. हे द्रव्य काळे नाहीच. प्रकाश त्यातून आरपार जातो. 'अदृश्य द्रव्य' म्हटले असते तर काय बिघडले असते? कृष्णविवर, कृष्णद्रव्य, कृष्ण ऊर्जा ही नावे ऐकून वाचक तिघांना सख्खी भावंडे समजतो. आणि 'कृष्ण' शब्द आला, की गीतेचा अकरावा अध्याय ओढून आणणारे उत्साही वक्ते आपल्याकडे उणे नाहीत.

प्रतिभेला कुंपण घालण्याचा हा उद्योग आहे, असे कोणी म्हणेल. मुळीच नव्हे. बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी १९६२ मध्ये प्रकाशाहून वेगवान कणांचा विचार गांभीर्याने मांडला. असे कण सापेक्षतेशी विसंगत नाहीत, हे त्यांनी दाखविले. मात्र मंद कणाने वेग वाढवीत ती मर्यादा ओलांडावी, अशी मुभा त्यातही नाही. कल्पना धाडसी खरी, पण अटींसह.

जयंत नारळीकरांनी 'यक्षांची देणगी'तल्या कथा लिहिल्या आणि 'आकाशाशी जडले नाते'ही लिहिले. यांतील कथा कोणती आणि शास्त्र कोणते, असा प्रश्न वाचकाला पडत नाही. संपादकांनीही प्रकाशाला मागे टाकणारी याने खुशाल छापावीत. फक्त अनुक्रमणिकेत ती 'कथा' या सदराखाली घालावीत.